करवलीची अंगठी

डाग सकाळी पडला होता, आणि दुपारी अंगाला हळद लागली तरी सुयोगने कुणापाशी ब्र काढला नव्हता.

पाटावर बसल्या बसल्या त्याचा एक चोरटा खेळ चालला होता. उजवा डोळा मिटला की सगळं जिथल्या तिथे. डावा मिटला की समोर बसलेल्या सुलूआजीचं तोंडच नाहीसं. कडेने पांढरे केस दिसत, खांद्यावरचा पदर दिसे, आणि मधे तांबडा-काळा गोळा. त्या गोळ्याच्या आतून आवाज मात्र येत होता. बिनतोंडाची बाई आपल्या हळदीला गातेय, असं मनात आलं आणि त्याने झटकन डोळा उघडला.

सुलूआजी म्हणजे राई गावात उरलेली एकुलती धवलारीण, लग्नाचे धवले गाणारी. भटजी उद्या काय मंगलाष्टकं म्हणायची ती म्हणेल, पण राईत लग्न लागतं ते हिच्या धवल्यांनी. हिने गाण्यातून एकेका देवाला बोलावून बसवल्याशिवाय हळदीच्या वाटीला कुणी बोट लावत नाही. हिच्या आईने गायलं ते हिने गायलं. पुढे कोण गाणार, हा प्रश्न विचारला की आजी विषय बदलते.

“नवऱ्या, मान सरल ठेव,” आजी मधेच थांबून म्हणाली. “कोंबडीवानी काय करतंस?”

बायका हसल्या. सुयोगही हसला. न हसून सांगतो कुणाला!

सकाळची गोष्ट इतकीच. चुलतभाऊ दिपेश डीजेवाला. भाईंदरपासून वसईपर्यंत हळद म्हटली की दिपेशचं नाव. या खेपेला घरची हळद, म्हणून पठ्ठ्याने नवी लेझर लाईट आणली होती. मांडव चारी बाजूंनी कापडाने झाकून त्याने ट्रायल लावली आणि हाक मारली, “भाई, तो क्लॅम्प पकड ना जरा, हलतोय.” सुयोगने शिडीवर चढून क्लॅम्प धरला, वाकून आत बघितलं आणि हिरवा फटका बसला. आवाज नाही, चटका नाही, दुखलं तर मुळीच नाही. फोटो काढताना डोळे दिपतात तसं होऊन जाईल, असं समजून तो उतरला. तासाभराने हिरवं गेलं. हा डाग तेवढा राहिला.

आता जाईल, मग जाईल, असं करत त्याने दुपार काढली. मेट्रो चालवायच्या ट्रेनिंगला त्याचं नाव लागलं होतं, आणि तिथे पहिली परीक्षा डोळ्यांची. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षाही त्याला एकाच गोष्टीची भीती वाटत होती. तोंडाने बोललो की हे खरं होईल.

“घे रं बाला, धर,” आई, मंदा, कट्यार पुढे करत म्हणाली. टोकाला लिंबू टोचलेली कट्यार. लग्न लागेपर्यंत नवरदेवाने ती हातातून सोडायची नाही. सुयोगने हात पुढे केला. बोटं कट्यारीच्या अलीकडेच मिटली, हवेवर. त्याने परत हात नेला, तेव्हा लिंबाला धक्का लागून कट्यार कशीबशी हातात आली.

कुणाचं लक्ष नव्हतं. एकीचं होतं.

ओटीवरच्या खुर्चीत सावित्रीआत्या बसली होती, त्याच्या वडिलांची थोरली बहीण. तो चुकलेला हात तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. चहा ओतताना तिचा स्वतःचा हात असाच कपाच्या बाहेर जायचा, डाव्या डोळ्याची नजर गेल्यापासून. ती उठली, बायकांमधून वाट काढत आली आणि म्हणाली, “मंदा, नवरदेवाला पाणी पाजते जरा. पाच मिनिटं.”

“इथंच आनते ना पानी, वन्सं.”

“मला पाजायचंय,” आत्या म्हणाली. थोरल्या नणंदेपुढे मंदा काय बोलणार!

मिठागराच्या बांधावर वाढलेली ही पोर प्रकाशाचा अभ्यास करायला कशी गेली, हे राईत अजून लोक एकमेकांना विचारतात. मीठ धरायच्या आधी आगरातलं पाणी तांबडं होतं. लहानगी सावित्री बापाच्या मागे लागली होती की पाणी तांबडं झालं की तळ का दिसत नाही, वरून पडलेलं ऊन जातं कुठे? बाप म्हणाला, “त्याचाच मीठ व्हतं.” त्या उत्तराने तिचं समाधान झालं नाही, ही तिच्या सगळ्या विद्येची सुरुवात. पुढे पुण्याच्या प्रयोगशाळेत तिने दाखवून दिलं, की गढुळात शिरलेला सगळाच प्रकाश भरकटत नाही. त्यातला थोडासा सरळ जातो, सरळ परत येतो, आणि त्याला बाकीच्या गोंधळातून निवडून काढता येतं, सुपात तांदूळ पाखडून खडे काढावेत तसं. या निवडायच्या रीतीला परदेशातले लोकही तिच्या नावाने ओळखतात. राईत मात्र ती उजेडआत्या. आजच्या मांडवाच्या कमानीवरसुद्धा सुयोग आणि नवरी मिनल यांच्या फोटोच्या वर तिचा फोटो होता. दिपेशने लेझर आणली तीही तिच्याच नावाने. “उजेडआत्याच्या भाच्याच्या हळदीला साधे हॅलोजन लावू काय?” असं तो चार दिवस सगळ्यांना ऐकवत फिरत होता.

स्वयंपाकघरात आत्याने दार लोटलं. पाण्याचं नाव काढलं नाही.

“समोरच्या भिंतीकडे बघ. डावा डोळा झाक.”

ओट्यामागे पांढऱ्या टाइल्स होत्या, अधूनमधून निळ्या फुलांच्या. आत्याने एका टाइलवर बोट ठेवलं. “हे फूल नीट दिसतंय?”

“दिसतंय की.”

“रंग?”

“निळा. आत्या, काय झालंय तुला? बाहेर बायका खोळंबल्यात.”

“मी साध्या टाइलवर बोट ठेवलंय, सुयोग.”

हळदीखालचा त्याचा चेहरा उतरला. बाहेर धवला परत सुरू झाला होता. सुयोग ओट्याला टेकला, आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं: शिडी, क्लॅम्प, हिरवा फटका, बिनतोंडाची सुलूआजी. तो बोलून थांबला तेव्हा आत्याने दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. तिचे हात थंडगार पडले होते.

“टाइल्सच्या रेषा बघ. डागाच्या कडेला त्या सरळ आहेत का वाकतात? वाकल्या म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा.”

त्याने बघितलं. आधी नको वाटलं, पण बघितलं. “वाकल्यासारख्या वाटतायत.”

आत्याने डोळे मिटले. मग विचारलं, “डागाचा रंग?”

“तांबडा. काळपट तांबडा.”

“सकाळी होता तसाच आहे अजून?”

“सकाळी सगळंच झाकलेलं. आता खालून जरा मोकळं झालंय.”

“खालून? नक्की?”

“हो. का?”

“डोळ्यात सगळं उलटं पडतं. तुला खालून मोकळं दिसतंय म्हणजे आत काहीतरी खाली बसतंय. रक्त असेल.” ती भराभर बोलत होती, वर्गात बोलावं तसं, पण आवाज कापत होता. “पडद्यापुढे रक्त साचलं असेल तर त्याला वाट करून देता येते. पण पडदाच भाजला असेल तर…”

“तर काय?”

“तर माझ्याकडे बघ,” आत्या म्हणाली. “दिसायला माझे दोन्ही डोळे सारखेच आहेत, नाही का? डाव्याने मला पस्तीस वर्षं कुणाचं तोंड दिसलेलं नाही.”

इतका वेळ तो डागाला भीत होता. आता आत्या भ्यायलेली बघून त्याला खरी भीती वाटली. ज्या बाईने उभा जन्म उजेडाशी खेळण्यात काढला, तिलाच घाम फुटला होता.

ती स्वयंपाकघरातून निघाली ती थेट मांडवात. पोरं कापडाखाली शिरून लेझरची डबी बघत होती. “दिपेश, वायर काढ.”

“आत्या, आता तर…”

“वायर काढ म्हणते ना! मेल्या, पोरं आंधळी करतंस काय!”

आत्या गावच्या बोलीत शिरली की घरात सगळे सरळ होतात. दिपेशने वायर उपटली. धवला थांबला. मांडवातली पन्नास माणसं सावित्रीकडे बघायला लागली. तिने मग आडपडदा ठेवला नाही. सुयोगच्या डोळ्याला लेझर लागलीय, आत्ताच्या आत्ता भाईंदर पूर्वेच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात न्यायचंय, गाडी काढा.

मंदाच्या हातातलं ताट खाली आलं. ती धावत लेकाकडे गेली, त्याची हनुवटी धरून दोन्ही डोळ्यांत बघितलं. “कंचा रं? कंचा डोला? काय पन न्हाय दिसत मला तर. चांगला हाय की.”

“बाहेरून दिसत नाही, मंदा.”

“मंग डाक्टरला इथं आना.”

“मशीन इथे येत नाही.”

“मंग उद्या. लग्न लागला का मीच नेते. मी सोता नेते, वन्सं.” ती आता सुयोगच्या पुढे उभी राहिली होती, दोन्ही हात पसरून. “हलद लागलेला नवरा गावदेवीची वेस वलांडत न्हाय. तुमाला म्हाईत न्हाय काय?”

बायकांमध्ये कुजबुज झाली. कुणी म्हणालं, खरंच आहे. कुणी म्हणालं, डोळ्याचं काम आहे, असं कसं. दिपेश पुढे होऊन म्हणाला, “काकी, माझी गाडी आहे बाहेर, एसी लावतो, काच काळी आहे, कोणाला दिसणार पण नाय.” त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

“देवीला काच आडवी येतं काय रं?” मंदा त्याच्यावर खेकसली. “तुजंच सगला! तुजी लायटिंग!”

धर्माजी, सुयोगचे वडील, खांबाला धरून उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि पहिला शब्दही त्यांच्याकडून सहसा निघत नाही. ते म्हणाले, “ताय, उद्यापरीन थांबला तर काय व्हईल?”

“कदाचित काही नाही होणार,” सावित्री म्हणाली. “कदाचित होईल. मला सांगता येत नाही, धर्मा. सांगता येत नाही म्हणूनच भीती वाटते.”

“बघा! यांना पन म्हाईत न्हाय!” मंदाला आता रडू आवरत नव्हतं, आणि रडताना जे ओठांवर कधी आणलं नव्हतं तेही आलं. “वन्सं, तुमी करवली व्हतात आमच्या लग्नात. हलद उतरवायला पन थांबला न्हायत. हलदीच्या अंगानं वेस वलांडून प्रयोगाला गेलात. आठ दिसात डोला गेला. अख्खा गाव बोलतो, देवीनं नेला. आता माज्या पोराचा एक गेला आसंल, तर दुसरा पन जाऊ दे म्हनता?”

सुयोगला ही गोष्ट माहीत होती, गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होती, फक्त ती आत्याच्या तोंडावर आजवर कुणी बोललं नव्हतं. आणि सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्या क्षणी सुयोगचाही त्यावर विश्वास बसला. भीती असली की माणूस मिळेल त्याचा हात धरतो. नको जाऊया, असं तो म्हणणारच होता.

सावित्री मांडवाच्या मधोमध उभी होती. तिने डावा हात वर केला, पाची बोटं ताठ केली. अनामिका मधल्या पेरातून बाहेरच्या अंगाला वाकलेली होती.

“धर्मा, हे बोट आठवतं?”

“आठवतो ना,” धर्माजी चमकून म्हणाले. “आगरात फावडा लागलेला. म्होडला व्हता.”

“आणि करवलीचा मान म्हणून तू मला काय दिलं होतंस?”

उत्तर तिनेच दिलं.

“अंगठी. तुझ्या कमाईची पहिली. याच बोटात घातलीस, हसत हसत, दाबून. चढली ती चढली, या वाकड्या पेरावरून उतरेचना. आई म्हणाली, राहू दे, हळद उतरेपर्यंत करवलीने अंगठी काढायची नसते. मी तशीच गेले.” तिने हात खाली घेतला. “लेझरपाशी अंगावर काही चकाकतं ठेवायचं नाही, हे मी मुलांना शिकवायचे. बांगड्या काढायला लावायचे. मी साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. कापून काढावी तर भावाची अंगठी, जीव होईना. म्हटलं, आजचा एक दिवस. आरसा सरकवायला हात पुढे केला आणि किरण अंगठीवर पडून डोळ्यात गेला. मंदा, मी रीत मोडली म्हणून डोळा गेला नाही. मोडायला हवी होती तेव्हा मोडली नाही, म्हणून गेला.”

“ताय,” धर्माजी म्हणाले. नुसतंच “ताय”. मग त्यांना शब्द सापडले. “कवा बोललीस न्हाय.”

“काय बोलायचं? तुझं नवं लग्न. तू मग जन्मभर त्या अंगठीला शिव्या दिल्या असत्यास.”

धर्माजींनी खांब सोडला. डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि दिपेशपुढे हात पसरला. “चावी दे.”

“आवो!” मंदा किंचाळली. “वेस?”

आणि तेव्हा सुलूआजी पाटाजवळून उठली. गुडघ्यावर हात देत, कण्हत, सावकाश. ती उठेपर्यंत सगळे थांबले.

“देवीनं डोला नेला, ह्या पयल्यांदा कोन बोलला, म्हाईत हाय?” आजी म्हणाली. “मी. हलद उतरवायला ताट घेऊन मी बसलेली आन् ही निगून गेली. मला राग आला व्हता. रागात बोलली. मंग गावानं धरला.” तिने सावित्रीपुढे येऊन तिचं ते वाकडं बोट हातात घेतलं, पेरावरून अंगठा फिरवला. “सावे, तुजी हलद मी कवा उतरवलीच न्हाय. म्हंजे तू अजून करवली हायस. आन् करवली संगती आसली का नवऱ्याला वेस मोकली. ही बी रीतच हाय, मंदे. ह्या घरातली धवलारीन मी हाय का तू?”

मंदाने पदर तोंडात धरला. आजीने वाटीतली हळद दोन बोटांवर घेतली आणि सावित्रीच्या दोन्ही गालांना लावली. मग वाटी कमरेशी धरून ती सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसली.

मागच्या सीटवर सुयोग मधे, एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला आजी. धर्माजी गाडी चालवत होते, शेजारी मंदा, हात जोडून. गावदेवीच्या देवळापाशी वेस येते. आता तिथे दोन्ही बाजूंना टॉवर उभे आहेत, पण वेस ती वेसच. धर्माजींनी गाडी हळू केली. आजीने धवला धरला. मंदाने डोळे गच्च मिटले. सुयोगनेही मिटले, दोन्ही. मिटल्यावरही तांबडा डाग तिथेच होता. गाडी वेशीबाहेर पडली, काही झालं नाही, पण कुणी तसं बोललंही नाही.

वाटेत मिनलचा फोन आला. ती जेसल पार्कला, तिच्या घरी, तीही हळदीत.

“दिपेशने सांगितलं मला. तू का नाही सांगितलंस?”

“टेन्शन नको म्हणून.”

“अरे, टेन्शन तर घेतेच आहे मी! उद्या लग्न आहे आपलं.” पलीकडे तिचा आवाज फुटला. “ऐक, डोळा एक असो की दोन, मला काही फरक नाही पडत. फरक तू लपवलंस त्याने पडतोय. यापुढे लपवायचं नाही. बोल हो.”

“हो.”

“आता आत्यांकडे दे फोन.” आत्याने फोन घेतला, पुष्कळ वेळ ऐकलं, आणि एवढंच म्हणाली, “हो बाळा, मीच सांगेन. काय असेल ते.”

हॉस्पिटलच्या दाराशी वॉचमन आडवा आला. नवरदेव पिवळा, म्हातारी पिवळी, आत्याचे गाल पिवळे, हे त्याने चालवून घेतलं असतं, पण सुयोगच्या हातात कट्यार होती. “चाकू अंदर नहीं जाएगा.”

“चाकू नाय रे बाबा,” सुलूआजी म्हणाली. “शादी का हाय. कट्यार.”

“माताजी, जो भी है.”

मोठा पेच. शेवटी आजीने कट्यार स्वतःच्या मांडीवर घेतली आणि दारातल्या खुर्चीत ठाण मांडलं. “जा. मी हितं वेस राखतं,” ती म्हणाली.

आत अंधाऱ्या खोलीत मशीन होतं. हनुवटी टेकायला पट्टी, कपाळाला पट्टी, मधे एक बारीक उजेड. सुयोग स्टुलावर बसला आणि त्याच्या अंगाला कापरं सुटलं. सकाळपासून आवरलेलं सगळं आता हातापायांतून बाहेर पडत होतं.

“भिऊ नकोस,” आत्या त्याच्या कानाशी वाकली. “हे मशीन डोळ्यात साधा उजेड सोडतं. आत जाऊन जो सरळ परत येतो तेवढाच निवडून घेतं, आणि त्यावरून पडद्याचं चित्र काढतं. ही निवडायची रीत कुठून आली माहितेय? आपल्या आगरातल्या तांबड्या पाण्यातून. घरचंच माणूस आहे असं समज.”

त्याला हसू आलं नाही, पण हनुवटी त्याने टेकली. पट्टीला हळद लागली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. चित्र बघून त्या बोलायच्या आतच आत्याने आपल्या एका डोळ्याने ते वाचलं होतं. सुयोग तिच्याकडे बघत होता. तिने वाकड्या बोटाचं पेर दुसऱ्या हाताने घट्ट धरलं होतं.

“पडद्यापुढे रक्त साचलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “पिशवीसारखं. त्या पिशवीला बारीक भोक पाडलं की रक्त खाली वाहून जाईल. पण रक्ताच्या मागे पडदा भाजलाय की नाही, ते आता कुठल्याच मशीनला दिसत नाही. रक्त सरकलं की कळेल. ताजं आहे तोवर केलेलं बरं. माझी तयारी आहे, आज करता येईल.”

“भोक कशाने?” सुयोगने विचारलं, पण उत्तर त्याला आत्याच्या तोंडावर दिसलं होतं.

“लेझरने.”

“न्हाय!” मंदा दारातून ओरडली. “परत त्योच?”

सुयोग स्टुलावरून उठलाच. पायांनी त्याला विचारलं नाही, ते आपले उठले. सकाळचा तो हिरवा फटका नकळत बसला होता. आता तेच बसून घ्यायचं, आपण होऊन, उघड्या डोळ्याने, पापणी न हलवता. जराही हललो तर? डॉक्टरांचा हात हलला तर?

“मला नाही जमणार, आत्या.”

सावित्री काही समजावायला लागली, प्रकाश कुठे थांबतो, किती खोल जातो. त्याला एक अक्षर कळेना. समजावून जायची ही भीतीच नव्हती. आत्या थांबली, आणि मग मागे वळून म्हणाली, “मंदा, इकडे ये. तू धर त्याला.”

मंदा आली. तिने एकदा मशीनकडे बघितलं, एकदा नणंदेकडे. मग लेकाला खाली बसवलं, त्याच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरून कपाळ पट्टीला दाबलं. लहानपणी कानात तेल घालताना धरायची तसंच, हलायची सोय न ठेवता. तिची छाती त्याच्या पाठीवर धडधडत होती.

“बघ,” ती म्हणाली. “मी धरलाय. बघ समोर.”

सुयोगने बघितलं.

टक् झालं. काही दुखलं नाही. परत टक्. मग तांबड्या गोळ्याची कड फुटली आणि धुरासारखं काहीतरी वर चढायला लागलं. रक्त खाली चाललं होतं म्हणून त्याला वर जाताना दिसत होतं. धूर पातळ होत गेला आणि सगळी खोली तांबूस पाण्यात बुडाल्यासारखी झाली.

“डावा डोळा झाका,” डॉक्टर म्हणाल्या. “समोर काय दिसतं ते सांगा. घाई नाही.”

तांबड्या पाण्यात काहीतरी उभं होतं. एक हात.

“हात आहे. आत्याचा.”

“बोटं मोजा. सरळ दिसतायत का?”

सुयोग एकेक बोट बघत गेला. अंगठा सरळ. पहिलं सरळ. मधलं सरळ. त्याच्यापुढे तो थांबला. स्वयंपाकघरातल्या टाइल्सच्या रेषा आठवल्या. वाकल्या की इजा, दुसरं काही त्याच्या डोक्यात उरलंच नव्हतं.

“एक…” त्याने परत एकदा बघितलं. “एक वाकडं दिसतंय.”

आईचे हात त्याच्या डोक्यावर ताठरले. डॉक्टर पुढे झुकल्या.

“मेल्या!” दारातून धर्माजींचा आवाज आला, हसू आणि रडू एकातच कालवलेला. “वाकडाच हाय तो!”

सावित्रीच्या गालांवरची हळद ओघळत होती. हात तिने खाली घेतला नाही.

“परत सांग,” ती म्हणाली. “कुठलं बोट?”

“अंगठीचं,” सुयोग म्हणाला.